फुलोऱ्याचं खत कधी सुरू करायचं? ब्रॅम्प्टनच्या दादांना उत्तर

वाचकाचं पत्र:

"ताई नमस्कार. मी कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो, मूळचा नारायणगावजवळचा. यंदा पहिल्यांदाच बॅकयार्डात गांजाची तीन झाडं लावलीयेत, सगळं कायद्यात बसवून, बियासुद्धा लायसन्सवाल्या दुकानातूनच घेतल्या. दहा गॅलनच्या कापडी कुंड्या आहेत, पॉटिंग मिक्समध्ये थोडं कंपोस्ट घातलंय. जुलै लागेपर्यंत आठवड्यातून एकदा २०-२०-२० देत होतो, चार लिटरला एक टीस्पून, झाडं एकदम हिरवीगार होती. मग पेऱ्यांवर पांढरे केस दिसले दोन-दोन, म्हटलं आला फुलोरा. आमचे बाबा टोमॅटोला फुलकळी निघायला लागली की ०:५२:३४ सोडायचे ते डोक्यात होतंच, म्हणून २०-२०-२० बंद करून १०-५२-१० चालू केलं, तेवढ्याच मापाने दोनदा देऊन झालंय. आता खालची पानं पिवळी पडतायत आणि झाड थांबल्यासारखं वाटतंय. मित्र म्हणतो अजून स्ट्राँग बूस्टर पाहिजे, दुकानातला म्हणतो १ ऑगस्टला बदलायचं असतं, मग मी आधीच बदललं का? नक्की कधी बदलायचं?"

दादा, नमस्कार. १०-५२-१० चा डबा (हे तीन आकडे म्हणजे क्रमाने नत्र, स्फुरद आणि पालाशाचं प्रमाण) आधी बाजूला ठेवा आणि बूस्टर तर अजिबात आणू नका. तुमचं झाड अजून फुलोऱ्यात आलेलंच नाहीये. तुम्ही पत्र जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात टाकलंय म्हणजे हातात भरपूर वेळ आहे, काही बिघडलेलं नाही, पण आता जे करायचं ते ह्या आठवड्यातच करा, कारण पुढचा महिनाभर झाड सगळ्यात जास्त वाढणारे आणि त्या वाढीला लागणारं नत्रच तुम्ही नेमकं तोडलंय.

पेऱ्यावर जे दोन पांढरे केस दिसले ना, ती फुलंच आहेत, पण ती एकटी-दुकटी येणारी, झाड वयात आल्याची खूण. बी लावल्यापासून चार ते सहा आठवड्यांत ती येतातच, दिवस कितीही मोठा असो. त्यावरून एवढंच कळतं की झाड मादी आहे. तिन्ही झाडांवर केस असतील तर तिन्ही माद्या, म्हणजे उत्तम. एखाद्यावर केसाऐवजी देठावर लटकलेला छोटा गोल मणी दिसला तर तो नर, तो लगेच काढून टाका, नाहीतर बाकीच्या दोघींत बी भरेल. पण ह्या केसांवरून खत बदलायचं नसतं. माझ्याकडे जुलैत येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त गोंधळ ह्याच जागेवर असतो.

खरा फुलोरा बघायचा तो शेंड्यात. सकाळी ऊन तिरपं असताना सगळ्यात वरचा शेंडा हातात धरून बघा. आत्ता तिथे काय दिसेल, तर नवीन पानं रुंद, सात-सात पाती असलेली, आणि दोन पेऱ्यांत बोटभर अंतर. फुलोरा सुरू होतो तेव्हा हे बदलायला लागतं, शेंड्यातली पेरं एकमेकांवर दाटून येतात, नवीन येणारी पानं बारीक होतात, सातची पाच, पाचची तीन पाती होतात, शेंड्याच्या मधोमध रंग जरा पोपटी होतो आणि त्या पोपटी झुबक्यातून पांढरे केस दोन-चार नाही तर गुच्छाने बाहेर येतात. हे एका शेंड्यावर दिसलं म्हणून लगेच तारीख धरू नका, बाजूच्या फुटव्यांवरही तसंच दिसायला लागलं की समजा आता झाडाने ठरवलंय.

आणि हे झाड ठरवतं ते रात्रीच्या लांबीवरून. तुमच्या भागात २१ जूनला दिवस साधारण साडेपंधरा तासांचा असतो, १ ऑगस्टला साडेचौदा, ऑगस्टच्या मध्यावर साधारण चौदा. बाहेर लावलेली बहुतेक झाडं ह्याच चौदा तासांच्या आसपास वळतात, म्हणून तुमच्याकडे दक्षिण ओन्टॅरिओत साधारण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फुलोरा धरतो, काही वाण थोडे आधी, काही उशिरा. दुकानातल्याने १ ऑगस्ट सांगितलं ते त्यामुळेच, अगदी चुकीचं नाही, पण तारखेवर चालू नका कारण प्रत्येक वाणाचं वेगळं असतं. अजून एक गोष्ट, मागच्या दाराचा पोर्च लाइट रात्रभर चालू असतो का ते बघा. कुंडीवर थेट उजेड पडत असेल तर झाडाला रात्र लहान वाटते आणि फुलोरा लांबतो, कधी कधी धरून परत पानांकडे वळतो. लाइट बंद करा नाहीतर कुंड्या हलवा. हे ज्यांचं ऑटोफ्लॉवर आहे त्यांना लागू नाही, ते झाड दिवसाची लांबी बघतच नाही, वयावर फुलतं, महिन्याभराचं झालं की चालू. तुम्ही ऑटो असं काही लिहिलं नाहीये, म्हणून मी साधं वाण धरून चालतेय, पण बियांच्या पाकिटावर एकदा बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा. फुलोरा धरला तरी त्या दिवशी खत बदलायचं नाही. फुलोरा धरल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे झाड उंच पळतं, इकडे त्याला स्ट्रेच म्हणतात, काही वाण तर दुप्पट होतात. ह्याच काळात पुढे ज्यावर माल बसणार त्या फांद्या आणि ज्या पानांच्या जिवावर तो भरणार ती पानं तयार होत असतात. पान म्हणजे नत्र. तेव्हा नत्र कमी पडलं तर झाड खालच्या पानांतलं नत्र उचलून शेंड्याला देतं, खालचं पिवळं पडतं, गळतं, आणि सप्टेंबरमध्ये खरा माल भरायच्या वेळी कारखानाच अर्धा बंद असतो. तुमच्याकडे हेच महिनाभर आधी सुरू झालंय.

हे नुसतं माझं मत नाहीये. तुमच्यापासून तासाभरावर ग्वेल्फ युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या लोकांनी २०२१ साली छापलेल्या अभ्यासात गांजाच्या फुलोऱ्याच्या काळातच नत्र, स्फुरद, पालाश वेगवेगळ्या प्रमाणात देऊन उत्पन्न मोजलं. सगळ्यात चांगलं उत्पन्न आलं ते लिटरला साधारण १९४ मिलिग्रॅम नत्र आणि फक्त ५९ मिलिग्रॅम स्फुरद असताना. पालाश ६० पासून ३४० पर्यंत बदलून बघितलं तर उत्पन्नात फरकच पडला नाही. लक्षात घ्या, हे फुलोऱ्यातलं आहे, वाढीच्या काळातलं नाही. म्हणजे फुलोऱ्यातही झाडाला नत्र स्फुरदाच्या तिपटीहून जास्त लागलं. तो प्रयोग मातीत नव्हता, पाण्यात मुळं सोडून केलेला होता, त्यामुळे आकडे कुंडीला जसेच्या तसे लावू नका, पण एकमेकांशी प्रमाण काय असावं ते त्यातून कळतं. अमेरिकेत युटा स्टेट युनिव्हर्सिटीतही स्फुरद वाढवत नेऊन बघितलं, जास्तीचं उत्पन्नात आलं नाही, निचऱ्याच्या पाण्यात वाहून गेलं.

आता तुमच्या डब्याचा हिशोब करू. कॅनडात डब्यावर मधला आकडा शुद्ध स्फुरदाचा नसतो, ऑक्साइडच्या रूपातला असतो, खरं स्फुरद काढायला त्याला ०.४४ ने गुणायचं. १०-५२-१० लिटरला एक ग्रॅम टाकलं तर नत्र मिळतं १०० मिलिग्रॅम आणि स्फुरद जवळपास २२७. म्हणजे नत्र पाहिजे त्याच्या अर्धं आणि स्फुरद पाहिजे त्याच्या जवळपास चौपट. आणि जे २०-२०-२० तुम्ही बंद केलंत ते लिटरला एक ग्रॅम टाकलं तर नत्र २००, स्फुरद ८७, पालाश १६६ (पालाशाचा आकडाही ऑक्साइडचाच असतो). फुलोऱ्याला जेवढं स्फुरद लागतं त्याहून जास्तच त्यात आधीपासून होतं! ब्लूम, बड, बूस्ट असं लिहिलेल्या महागड्या बाटल्यांच्या मागचे आकडे एकदा असे काढून बघा, मग कळेल पैसे कशाला देतोय. मला ह्या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण पहिल्यांदा लावणारी माणसं ह्या बाटल्या आणतात, झाड पिवळं पडतं, मग अजून एक बाटली आणतात.

आता तुमच्या बाबांच्या ०:५२:३४ बद्दल, कारण तुमचा विश्वास तिथून आलाय आणि ते तिकडे चुकत नव्हते. जुन्नर-नारायणगाव भागात चुनखडीच्या जमिनी बऱ्याच ठिकाणी असतात, अशा जमिनीत टाकलेलं स्फुरद चुन्याला धरून बसतं, मुळांना मिळत नाही, म्हणून फुलकळीला विरघळणारं स्फुरद ड्रिपमधून सोडलं किंवा फवारलं की उपयोग होतो. आणि ते काय तेवढं एकच देत नव्हते, लागवडीच्या वेळचा बेसल डोस होता, शेणखत होतं, मध्ये कॅल्शियम नायट्रेट, पुढे माल फुगवायला १३:०:४५, म्हणजे नत्र कुठून ना कुठून चालूच होतं. तुमच्या कुंडीतल्या पॉटिंग मिक्समध्ये मुख्यतः पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ असतं, त्यात स्फुरद असं धरून बसत नाही, दिलं की मुळाजवळ हजर असतं आणि जास्त झालं की लोह आणि जस्त उचलायला अडचण करतं, मग नवीन पानंही फिक्की निघायला लागतात. तेव्हा पद्धत बाबांची बरोबर, पण माती ती नाही.

मग आता करायचं काय. कुंडी जड आहे का हलकी ते उचलून बघा, ओली असेल तर आधी वरचा दोन इंच भाग सुकू द्या. मग नुसतं पाणी द्या, सावकाश, दोन-तीन वेळा थांबून थांबून, खालून चांगलं निघेपर्यंत. खाली ट्रे ठेवा आणि निघालेलं पाणी लॉनवर किंवा फुलझाडांच्या वाफ्यात ओता, रस्त्याकडेच्या गटारात नको. पावसाच्या पाण्याची ती गटारं ओढ्यांतून शेवटी लेक ओन्टॅरिओत जातात, आणि जास्तीच्या स्फुरदाने तळ्यांचं काय होतं ते लेक इरीच्या शेवाळाने दाखवलंय, २०१४ च्या ऑगस्टमध्ये पलीकडे अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगायची वेळ आली होती. तुमच्या तीन कुंड्यांनी तळं बिघडणार नाही हे मला माहितीये, पण अशी घरं किती आहेत विचार करा.

पाण्यानंतर पुढच्या वेळेपासून परत २०-२०-२०, पण टीस्पूनने मापू नका. भरलेला टीस्पून पाच ग्रॅमच्या वर पण जातो. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या, चार लिटरला चार ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मधल्या दिवसांत साधं पाणी. पिवळी झालेली पानं परत हिरवी होतील अशी आशा ठेवू नका, ती पूर्ण पिवळी झाली की हाताने सहज सुटतील तेव्हा काढा. आठ-दहा दिवसांत वरची नवीन पानं कशी निघतायत ते बघायचं, ती छान हिरवी आली म्हणजे झालं काम. एक तपासा मात्र. खालचं पान सगळं सारखं पिवळं आहे, शिरांसकट, तर ते नत्रच. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ते मॅग्नेशियम, मग चार लिटर पाण्यात एक टीस्पून एप्सम सॉल्ट एकदा देऊन बघा. ह्या २०-२०-२० मध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम बहुधा नसतं, पण तुमच्या नळाला लेक ओन्टॅरिओचं पाणी आहे, त्यात कॅल्शियम ठीकठाक असतं, त्यामुळे वेगळी कॅल-मॅगची बाटली लगेच आणायची गरज मला वाटत नाही. आणि कुंडी सतत ओली राहिली तरी पानं पिवळी पडतात, मुळांना हवा मिळत नाही म्हणून, तेव्हा रोज सवयीने पाणी घालत असाल तर ते आधी थांबवा.

हे असंच चालू ठेवायचं, फुलोरा धरला तरी, स्ट्रेच संपेपर्यंत. स्ट्रेच संपला कसं कळणार, तर मागच्या बांबूवर शेंड्याच्या उंचीला खूण करा, चार-पाच दिवसांनी बघा, शेंडा खुणेच्या वर सरकलाच नाही आणि केसांचे गुच्छ एकमेकांना भिडून कणीस दिसायला लागलं, की तो दिवस. तुमच्याकडे साधारण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येईल. तेव्हा खत बदला, आणि बदल पण केवढा, तर गार्डन सेंटरमध्ये टोमॅटोचं म्हणून १५-१५-३० मिळतं ते घ्या, लिटरला एक ग्रॅम. नत्र १५० वर येतं, स्फुरद ६५, म्हणजे आपल्याला पाहिजे तिथेच, पालाश भरपूर. नाही मिळालं तर तेच २०-२०-२० तीन-चतुर्थांश मापाने दिलंत तरी झाड तक्रार करणार नाही. नत्र थोडं कमी करायचं कारण एवढंच, की ह्यानंतर नवीन पानं नको असतात, आणि जास्त नत्राने पानं काळपट हिरवी होऊन टोकं नखासारखी खाली वळतात, कणसं भुसभुशीत राहतात, मऊ लुसलुशीत झालेल्या झाडावर सप्टेंबरच्या दवात भुरी आणि राखाडी बुरशी लवकर बसते. ओन्टॅरिओत बाहेरच्या झाडांचं सगळ्यात जास्त नुकसान ह्या राखाडी बुरशीने होतं, भरलेल्या कणसात आतून सुरू होते आणि बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पाऊस पडून गेला की फांद्या हलक्या हाताने झटकायच्या, कणसातलं एखादंच पान अचानक वाळलेलं दिसलं तर ते ओढून बघायचं, सहज हातात आलं तर आत बुरशी आहे, तेवढा भाग कापून लांब टाकायचा.

कंपोस्ट, गांडूळखत, किंवा सुकं दाणेदार सेंद्रिय खत वापरणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठी सांगते, तुमचा हिशोब वेगळा आहे. ते खत मातीतल्या जिवाणूंनी फोडल्यावर झाडाला मिळतं, त्याला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी झाडाला जे मिळायला पाहिजे ते तुम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच वरून पसरून हलकं मिसळायचं. शेवटी शेवटी टाकलेलं सुकं खत त्या सीझनला लागतच नाही. आणि घरात लाइटखाली लावणाऱ्यांनी लाइट बारा तासांवर आणला त्या दिवशी बाटली बदलायची नाही, साधारण तिसऱ्या आठवड्यात, स्ट्रेच थांबल्यावर, तोच नियम.

दादा, तुम्ही कायद्यात बसवलंय लिहिलंत ते बरं केलंत, तरी सगळ्यांसाठी दोन ओळी. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात केंद्राच्या कायद्याने घरटी चार झाडं चालतात, माणशी नाही, घरटी. ओन्टॅरिओत वय १९ पूर्ण पाहिजे, भाड्याचं घर किंवा काँडो असेल तर करारात मनाई नाही ना ते वाचा. क्युबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे आणि ती २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवलीये. बी असो की माल, देशाबाहेर न्यायचं नाही आणि आणायचंही नाही, गावी जाताना बॅगेत तर मुळीच नाही. भारतातले वाचक हे वाचत असतील तर तिकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने हे झाड परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे, कुंडीत एक लावलं तरी, त्यामुळे वरचं काहीही तिकडे करून बघू नका, ह्यातला खताचा हिशोब हवा तर टोमॅटो-मिरचीला वापरा. आणि घरात लहान मुलं येत-जात असतील तर बॅकयार्डाला कुलूप लावा.

शेवटचं, सप्टेंबरच्या मध्यानंतर खत अर्ध्या मापावर आणा आणि काढणीच्या साधारण दोन आठवडे आधी पूर्ण बंद करून नुसतं पाणी. तेव्हा मोठी पानं हळूहळू पिवळी पडतील, त्या वेळचं पिवळं पडणं बरोबर असतं, झाड आपला साठा वापरत असतं, घाबरून परत नत्र द्यायला जाऊ नका. काढणी तुमच्याकडे वाणाप्रमाणे सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हवामानात पहिल्या फ्रॉस्टचा इशारा आला तर कुंड्या रात्रीपुरत्या गॅरेजमध्ये घ्या, कापडी कुंडी आहे, दोघांनी कान धरून उचलली की सहज येते. आठ-दहा दिवसांनी नवीन पानं अजूनही फिक्की निघत असतील तर शेंड्याचा जवळून फोटो काढून पाठवा, सोबत खताच्या डब्याच्या मागच्या बाजूचा पण.